शिक्का मागच्या बाजूला

नुकसान उघडकीस आलं ते मंगळवारी सकाळी दहा चाळीसला, कागदपत्रांवर सरकारी शिक्के मारून देणाऱ्या कार्यालयाच्या तीन नंबरच्या खिडकीवर. खिडकीतल्या कारकुनाने मुलीचा जन्मदाखला उलटा केला, शिक्का शाईच्या पॅडवर दोनदा आपटला आणि दाखल्याच्या पाठीवर ठेवून दाबला. शिक्का उचलला तेव्हा शाई कागदावर बसलेली नव्हती. तिचे थेंब होऊन ते इकडेतिकडे पळत होते. कारकुनाने ते अंगठ्याने पुसले, अंगठा फडक्याला पुसला आणि दाखला परत सरकवला.

"यावर शिक्का बसत नाही. लॅमिनेट केलंय हे."

मुलीचे वडील, स्टोअरवाले, म्हणाले, हो, केलंय. म्हणताना त्यांच्या आवाजात थोडा अभिमानसुद्धा होता, कारण प्रकार काय आहे हे अजून त्यांच्या डोक्यात शिरलं नव्हतं. शेजारी उभ्या असलेल्या मुलीच्या मात्र शिरलं होतं. तिने हातातल्या फायलीतून आईच्या मृत्यूचा दाखला काढला, मग पदवीचं प्रमाणपत्र काढलं, दोन्ही उलटून पाहिली आणि पुन्हा आत ठेवली. दोन्ही आरशासारखी चमकत होती.

त्यांना इमारतीत सगळे स्टोअरवालेच म्हणत. एका यंत्रांच्या कारखान्यात एकतीस वर्षं त्यांनी स्टोअर सांभाळलं होतं. मुलगी चार वर्षं एक परकी भाषा शिकत होती आणि त्या भाषेच्या देशात, तिथल्या विद्यापीठात, एक वर्ष शिकायला तिला शिष्यवृत्ती मिळाली होती. निवड फक्त अकरा जणांची झाली होती. वकिलातीतली मुलाखत पुढच्या आठवड्यातल्या शुक्रवारी होती आणि त्याआधी या तीन मूळ कागदांच्या पाठीवर शिक्के हवे होते. मृत्यूचा दाखला अशासाठी, की हमीपत्रावर आईवडील दोघांच्या सह्या लागत आणि एक सही आता मिळण्यासारखी नव्हती. शिक्के नसतील तर वकिलात फाइल उघडणार नव्हती. त्या शुक्रवारी फाइल उघडली नाही तर जागा प्रतीक्षा यादीतल्या पुढच्या नावाला जाणार होती. शिष्यवृत्तीच्या पत्रात हे सगळं फार सभ्य शब्दांत लिहिलेलं होतं.

त्यांच्यामागे मुलीची मैत्रीण उभी होती. अकरांतली तीही एक. तिचा जन्मदाखला पिशवीच्या तळाशी, खाऊच्या डब्याखाली होता. त्याची चार घड्यांची पुडी झालेली होती आणि मधोमध चहाच्या कपाचा गोल डाग होता. कारकुनाने तो हाताने सपाट केला, उलटा केला, शिक्का मारला. चार मिनिटांत मैत्रीण मोकळी. स्टोअरवाल्यांनी त्या डागाकडे ज्या नजरेने पाहिलं, त्या नजरेने त्यांनी कारखान्यात गंजलेल्या बेअरिंगकडे पाहिलं होतं.

आता हे लॅमिनेशन झालं कसं, ते सांगायला हवं, नाहीतर माणूस मूर्ख वाटेल. बायको गेली त्याला नऊ महिने झाले होते. तिच्या मृत्यूचा दाखला घेऊन ते चौदा टेबलांपुढे उभे राहिले. प्रत्येक टेबलावर तो उघडायचा, वाचला जायचा, पुन्हा मिटायचा. बाराव्या टेबलाशी तो घडीवर फाटला. बँकेतल्या बाईंनी त्याला चिकटपट्टी लावून दिली आणि म्हणाल्या, जपून ठेवा. स्टोअरवाल्यांना जपून ठेवणं एकाच प्रकारे माहीत होतं. कारखान्यात प्रत्येक कप्प्याला एक कार्ड असायचं, त्यावर नट किती, बोल्ट किती. तेलकट हातांनी ती कार्डं महिन्याभरात खलास व्हायची. स्टोअरवाल्यांनी एका वर्षी ती सगळी लॅमिनेट करून घेतली आणि ते निवृत्त झाले तेव्हाही ती कार्डं तशीच होती. तेव्हा बँकेतून परतल्यावर त्यांनी घरातला कागद न् कागद गोळा केला, दुकानात नेला आणि सगळ्यात जाड प्लास्टिक लावायला सांगितलं. एकूण त्रेचाळीस नग झाले. वीजबिल होतं, फ्रीजच्या वॉरंटीचं कार्ड होतं. मुलीने शब्द पाठ व्हावेत म्हणून दारावर, आरशावर, पाण्याच्या पिंपावर त्या परक्या भाषेतल्या चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या, त्यासुद्धा त्यांनी सोडवून, लॅमिनेट करून, पुन्हा जागच्या जागी लावल्या. त्या घरातल्या पिंपाचं परदेशी नाव आता पाणी सांडून पुसलं जाण्याची भीती नव्हती.

मुलगी कार्यालयाच्या पायऱ्या भराभर उतरली. बसमध्ये बसल्यावर एवढंच म्हणाली, की पदवीचं ती बघेल, विद्यापीठात तात्पुरतं प्रमाणपत्र दोन दिवसांत मिळतं. ते तिने खरोखरच आणलं. दोन पुठ्ठ्यांच्या मधे घालून आणलं आणि वडिलांना लांबून दाखवलं. त्यांनी हात पुढे केला तेव्हा तिने ते कपाटात ठेवून किल्ली स्वतःकडे घेतली. स्टोअरवाल्यांनी एकतीस वर्षांत कुणाच्या हातात किल्ली दिली नव्हती. त्यांना हे लागलं, पण बोलायला तोंड नव्हतं.

उरले दोन कागद. तोवर बातमी इमारतभर झाली होती. समोरच्या वहिनी सगळ्यात आधी आल्या. त्यांचं म्हणणं, कागद रात्रभर बर्फाच्या कप्प्यात ठेवायचे, प्लास्टिक आपोआप सुटतं. हे त्यांना कोणी सांगितलं ते त्यांना आठवत नव्हतं, पण ज्याने सांगितलं तो माणूस हुशार होता हे आठवत होतं. मग वरच्या मजल्यावरचे सर आले. सरांनी छत्तीस वर्षं शाळेत रसायनशास्त्र शिकवलं होतं आणि निवृत्तीनंतर त्यांच्याकडे प्रयोगाला कुणी काही देत नव्हतं. ते बर्फावर हसले. उष्णतेने चिकटलेलं उष्णतेनेच सुटणार, असं त्यांनी जाहीर केलं आणि इस्त्री मागितली. वहिनींना हसणं आवडलं नाही. त्या जायच्या ऐवजी खुर्चीत बसल्या, सरांचं चुकेपर्यंत थांबायचं ठरवून.

एवढं मात्र स्टोअरवाल्यांनी केलं, की आधी वीजबिलावर प्रयोग करू म्हणाले. सरांनी बिलावर रुमाल टाकला, इस्त्री फिरवली, रुमाल काढला, कोपरा नखाने उचलला आणि प्लास्टिक सरळ ओढलं. ते फार सुंदर सुटलं. एका हातात प्लास्टिक राहिलं, एका हातात कागद. मात्र बिलाचा सगळा मजकूर, ग्राहक क्रमांकापासून शेवटच्या सूचनेपर्यंत, प्लास्टिकबरोबर गेला होता. कागद पांढरा शुभ्र होता. घरात जळक्या बटणासारखा वास सुटला होता. सर म्हणाले, प्रयोग यशस्वी झाला, कारण काय करू नये हे सिद्ध झालं. वहिनी समाधानाने उठल्या. गुरुवारी सकाळी त्यांनी विचारलं, की बर्फाचं काय झालं. बर्फाच्या कप्प्यात फ्रीजच्या वॉरंटीचं कार्ड रात्रभर ठेवलं होतं. ते गार झालं होतं.

गुरुवारी स्टोअरवाले जन्ममृत्यू नोंदणीच्या कार्यालयात गेले. मुलीच्या जन्मदाखल्याची दुसरी प्रत हवी असेल तर आईवडील दोघांनी सही करायची, किंवा जो हयात नसेल त्याचा मृत्यूचा दाखला शिक्का मारून जोडायचा. म्हणजे आधी मृत्यूच्या दाखल्याची दुसरी प्रत. तिच्या अर्जात कारण लिहायचं होतं आणि कारणं दोनच होती. मूळ दाखला हरवला, किंवा मूळ दाखला फाटला. फाटला असल्यास तुकडे जोडावेत.

स्टोअरवाल्यांनी खिडकीतल्या बाईंना आपला दाखला दाखवला आणि सांगितलं, की हा हरवलेला नाही आणि आता फाटणंही शक्य नाही, मुद्दाम सगळ्यात जाड घेतलंय. बाईंनी तो दोन्ही हातांनी वाकवून पाहिला. तिसरं कारण अर्जात नाही म्हणाल्या. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, की हरवला लिहा, पोलिसांकडून तशी नोंद आणा, सगळे तेच करतात.

शुक्रवारी ते पोलिस ठाण्यात गेले. जाताना वहिनींनी जिन्यात गाठून बजावलं होतं, "भाऊजी, तिथे जास्त बोलायचं नाही. हरवला म्हणायचं आणि गप्प बसायचं." हे त्यांनी वाटेत दहा वेळा म्हणून पाहिलं होतं.

टेबलामागचा हवालदार पन्नाशीचा, जाड चष्म्याचा होता. त्याने नोंदवही उघडली.

"काय हरवलं?"

"बायकोच्या मृत्यूचा दाखला."

हवालदाराने मान वर केली, पुन्हा खाली घातली, लिहिलं. कुठे हरवला, त्याने विचारलं. स्टोअरवाले गप्प. शेवटचा कुठे पाहिला होता, त्याने विचारलं. इथे त्यांचं सगळं पाठांतर कोसळलं. एकतीस वर्षांत ज्याने एका वॉशरचा हिशेब चुकू दिला नव्हता, त्याला समोर नोंदवही उघडी असताना खोटं सांगता येईना.

"पिशवीत आहे," ते म्हणाले.

हवालदाराने पेन खाली ठेवलं. मग ते हरवलेलं नाही, असं तो म्हणाला. नाही, असं स्टोअरवालेही म्हणाले. त्यानंतर त्यांनी सगळी हकिगत सांगितली, अगदी चहाच्या डागासकट. हवालदाराने ती शांतपणे ऐकली आणि पाण्याचा ग्लास पुढे केला.

"असं करा. बाहेर बाक आहे. त्यावर दाखला ठेवा, चौकापर्यंत चालत जा, मागे बघू नका. परत याल तेव्हा तो नसेल. मग मला खरं खरं सांगा, हरवला म्हणून."

माणूस मनाचा चांगला होता. स्टोअरवाले बाहेर आले. त्यांनी दाखला बाकावर ठेवला, वाऱ्याने उडू नये म्हणून त्यावर एक दगड ठेवला, मग हरवणाऱ्या वस्तूवर दगड कोण ठेवतो हे लक्षात येऊन काढला, आणि चालू लागले. वीस पावलांवर एक बाई धावत आली, "अहो काका, तुमचं राहिलं," म्हणत. तिचे आभार मानावे लागले. तिची बस येईपर्यंत तिथेच उभं राहावं लागलं. मग पुन्हा दाखला बाकावर, पुन्हा चौकाकडे. या खेपेला कुणी धावत आलं नाही. औषधांचं दुकान गेलं, चपलांचं दुकान गेलं. चौकाच्या अलीकडे त्यांचे पाय थांबले. त्या कागदावर तिचं नाव होतं, वय होतं, वेळ होती. अनोळखी रस्त्यावर, बाकावर. मागे बघायचं नाही हे ते विसरले आणि नुसते वळले नाहीत, तर चक्क पळाले. बासष्टाव्या वर्षी, छातीशी पिशवी धरून, चपलांच्या दुकानापासून पोलिस ठाण्यापर्यंत. दाखला जागेवर होता. हवालदार खिडकीतून बघत होता. त्याने नोंदवही मिटली आणि मान हलवली, पण हसला नाही. तेवढ्यासाठी स्टोअरवाले त्याला आयुष्यभर विसरणार नाहीत.

शनिवार-रविवार कार्यालयं बंद. घरात मुलगी बॅग भरण्याची यादी करत होती आणि प्रत्येक ओळीनंतर ही यादी आपण कशाला करतोय असा चेहरा करत होती. रविवारी दुपारी जेवताना तिने पोलिसांच्या नोंदीचं विचारलं. त्यांनी खरं ते सांगितलं. तिने ताट बाजूला केलं.

"बाबा, एक विचारू? राग मानू नका."

"विचार."

"मी जाऊ नये असं वाटतंय का तुम्हाला?"

स्टोअरवाले म्हणाले, काहीतरीच काय. मग म्हणाले, मी नीट ठेवायला गेलो होतो. मुलगी म्हणाली, विचारायचं तरी होतंत, माझे कागद होते. ती उठून हात धुवायला गेली आणि बराच वेळ नळ चालू राहिला.

काहीतरीच काय, हे उत्तर बरोबर होतं, पण पुरतं खरं नव्हतं. मंगळवारी खिडकीवर प्रकार डोक्यात शिरला तेव्हा आधी धस्स झालं होतं, आणि त्याच्याही आधी, एका श्वासापुरतं, बरं वाटलं होतं. त्यांनी ते मुलीला सांगितलं नाही. पण त्यानंतर त्यांच्या अंगात जो जोर आला, तो पाहून वहिनींनासुद्धा काळजी वाटली.

सोमवारी मुलीच्या मैत्रिणीचा फोन आला. चहाच्या डागाचीच ती. म्हणाली, कॉलेजच्या ग्रंथालयात जुनी पुस्तकं दुरुस्त करणाऱ्या एक बाई आहेत, त्यांना विचारून बघा, पण त्या ओरडतात. मुलीचा वर्ग होता. स्टोअरवाले एकटेच गेले.

ग्रंथालयाच्या मागच्या खोलीत लांब टेबल होतं, त्यावर दाबयंत्र, डिंकाची भांडी, पाठीचे कणे निखळलेली पुस्तकं. बाई ओरडल्या. कागदाला श्वास लागतो, त्याला असं कोंडून मारतात का, कोणी केलं हे, वगैरे. स्टोअरवाल्यांनी मान खाली घालून कबुली दिली. मग बाईंनी दोन्ही दाखले दिव्यासमोर धरले आणि या सहा दिवसांत कुणीच न विचारलेला प्रश्न विचारला. शिक्का कुठल्या बाजूला मारायचाय?

मागच्या, स्टोअरवाले म्हणाले.

मागच्या बाजूला मजकूर आहे?

नाही.

"मग पुढचं प्लास्टिक कशाला काढता? मागचं तेवढं सोलू. मजकूर राहील तुमच्या काचेत."

स्टोअरवाल्यांना सरांची इस्त्री आठवली, बर्फाचा कप्पा आठवला, बाक आठवला, आणि आपण एवढी वर्षं नोकरी कशी टिकवली असा प्रश्न पडला.

काम मात्र सोपं नव्हतं. छोट्या इस्त्रीने बोटभर जागा गरम करायची, हाडाच्या पातळ पट्टीने प्लास्टिक केसभर उचलायचं, थांबायचं, पुन्हा गरम करायचं. घाई केली तर कागद उभा चिरतो. एकाने कागद दोन्ही तळव्यांनी सपाट धरून ठेवायला हवा होता आणि ते काम स्टोअरवाल्यांकडे आलं. मंगळवारी जन्मदाखला झाला. एका कोपऱ्यातला नखाएवढा कागद प्लास्टिकबरोबर गेला, पण तिथे काही लिहिलेलं नव्हतं. बुधवारी मृत्यूचा दाखला. बँकेतल्या चिकटपट्टीशी आल्यावर बाईंनी हत्यार खाली ठेवलं. इथे कागद आधीच फाटलाय, त्या म्हणाल्या, दोन तुकडे हातात आले तर मला बोल लावू नका. स्टोअरवाले म्हणाले, नाही लावणार. पुढची चाळीस मिनिटं बाई केसभर केसभर प्लास्टिक उचलत राहिल्या. तळवे भाजत होते, ते त्यांनी हलवले नाहीत. चिकटपट्टी सुटली तेव्हा तिच्याखालचा कागद पिवळा आणि फुलारलेला होता, पण एक होता.

गुरुवारी सकाळी तीन नंबरच्या खिडकीपुढे बापलेक उभे राहिले तेव्हा अकरा वाजून वीस मिनिटं झाली होती. शिक्के बारापर्यंतच मारत. पुढे नऊ माणसं होती. त्यांचा नंबर आला तेव्हा बाराला तेरा कमी.

कारकुनाने जन्मदाखला घेतला. पुढून पाहिला, चमकत होता. मागून पाहिला, खरखरीत. पुन्हा पुढून पाहिला. त्याने काचेवर चिकटवलेल्या सूचनेकडे बोट दाखवलं, की लॅमिनेट केलेले कागद घेतले जाणार नाहीत.

मुलीने डोळे मिटून घेतले. स्टोअरवाले खिडकीच्या फटीत वाकले. जन्मभर त्यांनी कुठल्या साहेबाशी वाद घातला नव्हता.

"साहेब, सूचना बरोबर आहे. पण शिक्का जिथे बसायचा तिथे लॅमिनेशन नाहीये. तुम्ही मारून बघा. नाही बसला तर मी स्वतः हा कागद इथे फाडून जाईन."

फाडणं शक्य नव्हतं, हे त्यांना माहीत होतं. कारकून काही न बोलता दोन्ही दाखले घेऊन आत गेला. बाराला नऊ कमी. मागच्या रांगेत कुणीतरी मोठ्याने सुस्कारा सोडला. बाराला सात कमी. मुलगी हळूच त्यांच्या हाताला धरून उभी राहिली, लहानपणी दवाखान्यात धरायची तशी. बाराला पाच कमी असताना कारकून परत आला, खुर्चीत बसला, पाणी प्यायला, झाकण लावलं. मग त्याने विद्यापीठाचं प्रमाणपत्र घेतलं आणि शिक्का मारला. जन्मदाखला घेतला आणि मारला. शाई बसली. मृत्यूचा दाखला घेतला. फुलारलेल्या जागी शाई टिपकागदावर पसरावी तशी पसरली, पण तारीख वाचता येत होती. तो त्यावर फुंकर घालत राहिला, आणि कागद देताना म्हणाला, पुढच्या वेळी नुसते फाइलीत ठेवा.

वकिलातीतल्या बाईंनी शुक्रवारी कागद उलटसुलट पाहिले, भुवया उंच केल्या, पण फाइल उघडली. बारा दिवसांनी व्हिसा आला. सरांनी त्याचं श्रेय उष्णतेला दिलं. वहिनींनी बर्फाला.

आता सामान भरून झालंय. औषधं, चष्म्याचा दुसरा जोड, कुलपाच्या दोन किल्ल्या. तिथल्या विद्यापीठाचा शेवटचा एक फॉर्म काल आला, एकाच पानाचा. त्यात एक रकाना आहे: घरी काही घडल्यास विद्यार्थिनीला कळवणारी व्यक्ती, वडिलांखेरीज. नाव, नातं, फोन. स्टोअरवाले म्हणाले, तो मोकळा सोड, मला काय होतंय.

"आईलाही काही होणार नव्हतं," मुलगी म्हणाली.

त्यावर त्यांनी फॉर्म आपल्याकडे ओढून घेतला. सर फोन उचलत नाहीत. वहिनी उचलतील, पण मुलीच्या आधी सगळ्या इमारतीला कळेल. या घरात त्यांना चोवीस वर्षं झाली, पण कुणाकडे कुणाचा नंबर आहे, कुणावर विसंबता येतं, हे सगळं बायकोला माहीत असे. त्यांनी पेन्सिलीने एक नाव लिहिलं आणि खोडलं. मग दुसरं लिहिलं आणि तेही खोडलं.

विमान बावीस तारखेला आहे. फॉर्म त्याआधीच्या शुक्रवारपर्यंत पाठवायचा आहे. बाकी सगळं लिहून झालंय, तो रकाना अजून भरायचाय.